माउंटन गोरिला बघायला जायचंय? सुरुवात परमिटपासून करा

आपल्याकडे सहलीची आखणी सुट्टीपासून सुरू होते. आधी दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी, मग विमानाचं तिकीट, मग हॉटेल, आणि तिथं काय बघायचं ते सगळ्यात शेवटी. गोरिला ट्रेकला हा क्रम उलटा करावा लागतो. माणसांची सवय झालेल्या एका गोरिला कुटुंबाला दिवसातून एकदाच, जास्तीत जास्त आठ पर्यटक, फक्त एक तास भेटू शकतात. त्या आठांतली एक जागा म्हणजे तुमचं परमिट. ते हातात आलं की तारीख ठरते आणि बाकीचं सगळं त्या तारखेभोवती बसवायचं.

मी आणि माझी थोरली बहीण, आम्ही दोघी युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात जाऊन आलो. ताई तेव्हा साठी ओलांडलेली, एक गुडघा दुखरा. तेव्हापासून ओळखीपाळखीचे बरेच जण विचारतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

कुठे जायचं

माउंटन गोरिला जगात दोनच ठिकाणी उरलेत. एक ब्विंडीचं जंगल, आणि दुसरी विरुंगा पर्वतरांग. ही ज्वालामुखींची रांग युगांडा, रवांडा आणि काँगो या तीन देशांच्या सीमेवर आहे. २०१५-१६ मध्ये विरुंगाची आणि २०१८ मध्ये ब्विंडीची गणना झाली. दोन्हींची बेरीज १,०६३ भरली. १९८१ साली विरुंगात फक्त २५४ मोजले गेले होते, हे लक्षात घेतलं की या आकड्याची किंमत कळते. प्राणिसंग्रहालयात हे गोरिला कुठंच नाहीत. म्हैसूरला दिसतात ते पश्चिम आफ्रिकेकडच्या सखल जंगलांतले, वेगळ्या जातीचे. त्यामुळे यांना बघायचं तर यांच्याच डोंगरात जावं लागतं.

काँगोचा भाग सशस्त्र संघर्षामुळे वर्षानुवर्षं अस्थिर आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यानं तिकडचा विचार करू नये. राहिले युगांडा आणि रवांडा.

रवांडात व्होल्कॅनोज नॅशनल पार्क. किगाली विमानतळापासून उद्यानाजवळचं मुसान्झे गाव अडीच-तीन तासांवर, रस्ता गुळगुळीत. परमिट १,५०० डॉलर. युगांडात ब्विंडी आणि विरुंगा रांगेतलं छोटं मगाहिंगा नॅशनल पार्क. जुलै २०२४ पासून परदेशी पर्यटकाला परमिट ८०० डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर एकाचे १,३५,००० आणि दुसऱ्याचे ७२,००० रुपये. फरक एवढा मोठा आहे की बहुतेकांचा निर्णय इथेच होतो. पण युगांडात पैसे वाचतात तिथे वेळ जातो, कारण एन्टेबे या युगांडाच्या विमानतळाहून ब्विंडी गाडीनं आठ ते दहा तास, आणि शेवटचा टप्पा कच्च्या घाटरस्त्याचा.

माझं मत विचाराल तर चार दिवसांचीच सवड असेल, किंवा बरोबर प्रवास न सोसणारं माणूस असेल, तर रवांडा. आठ-दहा दिवस असतील तर डोळे मिटून ब्विंडी. एक मधला मार्गही आहे. किगालीला उतरून सियानिका सीमेवरून युगांडातल्या किसोरो गावामार्गे ब्विंडीच्या दक्षिण भागात चार-पाच तासांत पोचता येतं. परमिट युगांडाच्या दरात पडतं आणि रस्ता निम्मा होतो. एवढंच ध्यानात ठेवा की युगांडाचं घड्याळ रवांडाच्या एक तास पुढे आहे. सीमा ओलांडली की दिवसातला एक तास कमी होतो.

परमिट, आणि त्यावरचं सेक्टरचं नाव

युगांडात परमिट युगांडा वाइल्डलाइफ अथॉरिटी देते, रवांडात रवांडा डेव्हलपमेंट बोर्ड. बहुतेक लोक तिथल्या टूर कंपनीमार्फत काढतात आणि पहिल्या खेपेला तेच सोयीचं. त्यासाठी पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं आणि पासपोर्टची प्रत द्यावी लागते. वयाची अट १५ वर्षं पूर्ण. यात सवलत नाही, त्यामुळे लहान मुलं असतील तर हा बेत थोडा पुढे ढकला. जून ते सप्टेंबर आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हे त्यातल्या त्यात कोरडे महिने. या काळातली परमिटं सहा-सहा महिने आधी संपतात. मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर पावसाचे. तेव्हा परमिट लवकर मिळतं, लॉज स्वस्त होतात, आणि सह्याद्रीत जुलैमध्ये ट्रेक करणाऱ्याला त्या चिखलाचं फारसं काही वाटू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ब्विंडीचे चार सेक्टर, म्हणजे विभाग आहेत: उत्तरेला बुहोमा, पूर्वेला रुहिजा, दक्षिणेला रुशागा आणि न्कुरिंगो. परमिट एका ठरावीक सेक्टरचं असतं आणि त्या दिवशी सकाळी तुम्हाला त्याच ठिकाणी हजर राहावं लागतं. नकाशात सगळं ब्विंडीच दिसतं, पण जंगलाला वळसा घालून एका सेक्टरहून दुसरीकडे जायला कित्येक तास लागतात. आमचं परमिट होतं रुशागाचं, आणि ज्यांच्याकडून बुकिंग केलं त्यांनी लॉज घेतला होता बुहोमात. निघायच्या महिनाभर आधी ताई सगळे कागद एका फायलीत लावत होती. परमिटवरचं सेक्टरचं नाव आणि लॉजच्या पावतीवरचं गाव तिनं शेजारी-शेजारी ठेवून वाचलं, म्हणून कळलं. लॉज बदलता आला, थोडे पैसे गेले. ट्रेकच्या पहाटे कळलं असतं तर परमिटच बुडालं असतं. तेव्हा परमिट येईपर्यंत लॉजचे पैसे भरू नका, आणि दोन्ही कागद स्वतः वाचा.

रवांडात ही अडचण येत नाही. तिथे सगळ्यांनी सकाळी सातला किनिगीच्या मुख्य कार्यालयात जमायचं. कोणाला कोणतं कुटुंब ते तिथेच, माणसाचं वय आणि चालण्याची ताकद बघून ठरतं. दुखणं-खुपणं असेल तर तेव्हाच सांगायचं.

युगांडात रुशागाला आणखी एक प्रकार असतो. ज्या कुटुंबाला माणसांची सवय लावणं अजून चालू आहे, त्याच्याबरोबर संशोधक आणि माग काढणारे ट्रॅकर यांच्या सोबतीनं चार तास घालवता येतात. त्याचं परमिट १,८०० डॉलरचं आहे आणि चालणं भरपूर. पहिल्या वेळी एका तासाचंच घ्या. पैसे जास्त असतील तर दोन दिवस दोन वेगवेगळ्या कुटुंबांची साधी परमिटं घेणं मला अधिक समाधानाचं वाटतं.

लस, व्हिसा, विमान

यलो फीवरची लस आणि तिचं पिवळं कार्ड, याशिवाय निघूच नका. युगांडात शिरताना ते लागतंच, पण आपल्याला त्याहून मोठी गरज परतताना असते. यलो फीवर असलेल्या देशातून कार्डाशिवाय आलेल्या प्रवाशाला भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारनं मान्यता दिलेल्या मोजक्या केंद्रांवरच देतात, तिथे ठरावीक वार असतात, आणि मूळ पासपोर्ट न्यावा लागतो. कार्ड लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, पुढे आयुष्यभर चालतं. साठीच्या पुढच्यांना आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांना या लसीचा त्रास होण्याचा धोका जास्त, म्हणून त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. ताईनं तसंच केलं आणि मगच परमिटचे पैसे भरले. घरात वडीलधारं कोणी येणार असेल तर हाच क्रम ठेवा.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्याही डॉक्टरांकडून लिहून घ्या. डोंगरात थंडीमुळे डास कमी असतात, पण एन्टेबे आणि कंपालात मुक्काम होतोच. परतल्यावरही काही दिवस गोळ्या घ्यायच्या असतात. तिथेच लोक चुकतात.

व्हिसा ऑनलाइन मिळतो. युगांडाचा एकट्याचा ५० डॉलर. युगांडा, रवांडा आणि केनिया तिन्हीकडे जायचं असेल तर १०० डॉलरचा ईस्ट आफ्रिका टूरिस्ट व्हिसा ९० दिवस चालतो. फक्त तो ज्या देशात पहिल्यांदा उतरणार त्याच देशाकडून घ्यायचा. विमानाचं म्हणाल तर ऑक्टोबर २०२३ मध्ये युगांडा एअरलाइन्सनं मुंबई-एन्टेबे थेट सेवा सुरू केली. अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे इतर कंपन्यांनीही जाता येतं. पोचण्याच्या आणि ट्रेकच्या दिवसात किमान दोन रात्री मोकळ्या ठेवा. विमान चुकलं, सामान मागे राहिलं, घाटात गाडी अडकली, तरी परमिटची तारीख तुमच्यासाठी थांबत नाही.

डॉलरच्या नोटा नव्या, कोऱ्या न्या. २००९ च्या आधी छापलेली किंवा कोपरा फाटलेली नोट तिथे कोणी घेत नाही, घेतली तरी दर पाडून.

अंगाची तयारी, बॅगेची तयारी

गोरिला जवळ असले तर अर्ध्या तासात दिसतात. लांब गेले असतील तर जायला तीन-चार तास आणि यायला तेवढेच. आधी सांगता येत नाही. उंचीची कल्पना यावी म्हणून सांगते: आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर. ब्विंडीचं जंगल साधारण १,१६० मीटरपासून २,६०७ मीटरपर्यंत पसरलंय, आणि विरुंगात चालणं बरेचदा अडीच हजार मीटरच्या वर असतं. दम लवकर लागतो. त्यात काही काळानंतर पायवाट संपते. पुढे गाइड आणि ट्रॅकर कोयत्यानं वेली तोडत जातात आणि तुम्ही तोडलेल्या फांद्यांच्या गादीवरून चालता. पाय जमिनीवर टेकतोय की वेलींच्या जाळीवर, तेच कळत नाही. दोन-तीन महिने आधीपासून दर आठवड्याला सिंहगड किंवा जवळची कुठलीही टेकडी चढा, आणि उतरायचा सरावही तितकाच करा. गुडघे उतारावरच बोलतात.

कपड्यांत सगळ्यात मोलाचे ठरले ते बागकामाचे जाड हातमोजे. जंगलात खाजकुयलीसारखी आग करणारी झुडपं जागोजागी आहेत, आणि तोल जाताना हात नेमका त्यांच्यावरच पडतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि जाडसर फुल पँट घाला. पँटचे पाय मोज्यांत खोचा, नाहीतर लाल मुंग्यांची रांग तुडवली गेली तर त्या थेट वर चढतात. घोट्याच्या वर येणारे आणि आधी वापरून मऊ झालेले बूट, पोंचो, दोन लिटर पाणी, आणि मास्क हवाच. लष्करी छपाईचे कपडे मात्र घरीच ठेवा, कारण युगांडात सामान्य नागरिकानं ते घालणं बेकायदा आहे. रवांडात २००८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. आपण बूट, ओले कपडे, खाऊ सगळं कॅरीबॅगमध्ये गुंडाळतो, ते विमानतळावर काढून घेतात. जुन्या पिशव्या-पिलोकव्हर वापरा.

खाण्याचं काही अडत नाही. लॉज दुपारचा डबा बांधून देतात. शाकाहारी माणसाला मटोके म्हणजे उकडून कुस्करलेली हिरवी केळी, घेवड्याची उसळ आणि शेंगदाण्याची आमटी सहज मिळते. अंडं चालत असेल तर रस्त्यावर चपातीत ऑम्लेट गुंडाळून देतात, त्याला रोलेक्स म्हणतात, ते जरूर खा. चपातीला तिथेही चपातीच म्हणतात. आम्ही चिक्की आणि दशम्या नेल्या होत्या, त्या चढावर उपयोगी पडल्या.

कॅमेऱ्याबद्दल थोडं. फ्लॅशला सक्त मनाई आहे. जंगलात उजेड कमी आणि समोर काळं कुळकुळीत अंग, त्यामुळे कॅमेरा फोटो गरजेपेक्षा उजळ काढतो आणि केसांचा पोत धुऊन निघतो. एक्स्पोजर थोडं उणे ठेवा, आयएसओ वाढवा. मोठ्या तोफेसारखी लेन्स लागत नाही, ७०-२०० मिलिमीटरची पुरते. युगांडात चौकोनी तीन पिनांचा ब्रिटिश प्लग लागतो. बरेच लॉज सौर विजेवर चालतात, म्हणून आदल्या संध्याकाळीच सगळं चार्ज करून ठेवा.

ट्रेकची सकाळ

साडेसात-आठच्या सुमाराला सेक्टरच्या कार्यालयात सगळे जमतात. पासपोर्ट तपासतात, ताप बघतात, नियम समजावतात. त्या वेळेपर्यंत ट्रॅकर पहाटेच जंगलात गेलेले असतात. गोरिला रोज संध्याकाळी पानाफांद्यांची नवी घरटी करून झोपतात. काल संध्याकाळी जिथे त्यांना सोडलं तिथून ट्रॅकर माग काढतात, घरटी शोधतात, आणि वॉकीटॉकीवरून गाइडला दिशा सांगतात. गोरिला जवळजवळ नेहमीच दिसतात, त्याचं श्रेय या माणसांच्या पायांना आहे. बरोबर बंदूकधारी रेंजरही असतात. ब्विंडीत रानहत्ती आहेत. ते समोर आलेच तर हवेत बार काढून त्यांना दूर करतात.

इथेच पोर्टर मिळतात, आणि पोर्टर घ्याच. पंधरा-वीस डॉलरमध्ये तो तुमची सॅक घेतो, चिखलात हात देतो, मागून आधार देतो. आपल्याकडच्या कसलेल्या ट्रेकरला हा कमीपणा वाटतो, मलाही सॅक दुसऱ्याच्या पाठीवर द्यायला जड गेलं. पण जंगलाच्या कडेच्या गावातल्या माणसाला गोरिला जिवंत असण्यातून थेट रोजगार मिळतो, तो असा. तारेचे फास लावण्यापेक्षा पर्यटकाची सॅक उचलणं परवडतं, हे गणित या गोरिलांना वाचवण्याच्या मुळाशी आहे. ताईच्या पोर्टरनं तिचा दुखरा गुडघा पहिल्या पाच मिनिटांत ओळखला आणि पुढे प्रत्येक उतारावर तो तिच्या त्याच बाजूला उभा राहिला. ज्यांना चालणं अजिबात झेपणार नाही त्यांच्यासाठी डोलीसुद्धा असते. आठ-दहा जण आळीपाळीनं वाहतात. तिचे तीनशे डॉलर किंवा जास्त पडतात आणि आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं.

तो तास

गोरिलांपासून थोडं अलीकडे सगळे थांबतात. काठ्या, सॅक, पाणी, खाणं तिथेच पोर्टरांजवळ ठेवायचं. मास्क लावायचा. त्या मिनिटापासून तास मोजला जातो.

आम्हाला आधी दिसलं काहीच नाही, नुसता आवाज आला. ओलं दांडकं सोलल्यासारखा, मग कचकच चावण्याचा. गाइडनं एक वेल बाजूला केली आणि एक भलामोठा काळा ढीग हलला. सिल्व्हरबॅक, म्हणजे कुटुंबाचा कर्ता नर. बारा-तेरा वर्षांचा झाला की त्याच्या पाठीवरचे केस रुपेरी होतात. तो एक जाड देठ दोन्ही हातांत धरून दातांनी साल काढत होता, आतला पांढरा गर खात होता, आणि साल व्यवस्थित एका बाजूला टाकत होता. त्याची बोटं माझ्या मनगटाएवढी, पण काम शेंगा सोलणाऱ्या बाईइतकं सावकाश. गाइडनं घशातून दोनदा खोल घोगरा आवाज काढला. पलीकडून तसंच उत्तर आलं. सगळं ठीक आहे, असा त्याचा अर्थ.

अंतर दहा मीटर ठेवायचं. पूर्वी सात होतं, कोविडनंतर वाढवलं. पिल्लं कुतूहलानं स्वतःच पुढे येतात, तेव्हा मागे सरायचं काम आपलं. मोह होतो, खूप होतो. पण माणसाचा साधा सर्दी-खोकला गोरिलाच्या कुटुंबात शिरला की न्यूमोनिया होऊन मृत्यू होऊ शकतात. आपल्याशी त्यांचं नातं इतकं जवळचं आहे की आपले आजार त्यांना लागतात आणि त्यांच्याकडे त्याची प्रतिकारशक्ती नसते. म्हणून त्या सकाळी घसा खवखवत असेल, नाक वाहत असेल, पोट बिघडलं असेल, तर सांगा आणि जाऊ नका. पाऊण लाख रुपये भरलेल्या माणसाला हे सांगणं किती कठीण आहे ते मला कळतं, तरीही सांगते. थुंकायचं नाही, खायचं नाही, शिंक आली तर तोंड कोपरात आणि पाठ गोरिलांकडे. जंगलात शौचाला जावंच लागलं तर गाइडला सांगायचं. तो कोयत्यानं फूटभर खोल खड्डा करून देतो आणि नंतर बुजवतो.

नर कधी छाती बडवतो, कधी अंगावर धावून येतो आणि अर्ध्यात थांबतो. पळायचं नाही. खाली बसायचं, नजर जमिनीकडे, आणि गाइड सांगेल तेच करायचं. बोट दाखवू नका, ओरडू नका.

फोटो पहिल्या वीस मिनिटांत उरका. मग कॅमेरा गळ्यात सोडून नुसतं बघा. प्रत्येकाच्या नाकावरच्या सुरकुत्या वेगळ्या असतात, ट्रॅकर त्यांना त्यावरूनच ओळखतात. ताईला एक आई दिसली, पोटाशी पिल्लू धरून आडवी झालेली. ते पिल्लू तिच्या अंगावर चढायचं, घसरायचं, आणि ती डोळे न उघडता एका हातानं त्याला परत वर ओढायची. ताई पूर्ण वेळ तेवढंच बघत बसली. तिच्याकडे त्या तासाचा एकही फोटो नाही.

परत आल्यावर

गाइड, ट्रॅकर आणि पोर्टर यांच्या बक्षिसीसाठी सुट्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा. दुसरा दिवस मोकळा ठेवा. काबालेजवळच्या लेक बुन्योन्यीच्या काठी नुसतं बसलं तरी पाय सुटतात. मगाहिंगा किंवा रवांडात असाल तर गोल्डन मंकीचा छोटा ट्रेक करता येतो. बट्वा लोकांबरोबरची फेरीही करा. हे या जंगलांचे मूळ रहिवासी. १९९१ मध्ये ब्विंडी आणि मगाहिंगा राष्ट्रीय उद्यानं झाली आणि त्यांना बाहेर काढलं गेलं. गोरिला वाचले त्यात त्यांचं घर गेलं, ही बाजू त्यांच्या तोंडून ऐकायला मिळते. फेरी ठरवताना पैसे बट्वांच्या हातात किती पडतात ते विचारून घ्या.

घरी आल्यावर बूट घासून, धुऊन, उन्हात वाळवा. यलो फीवरचं कार्ड पासपोर्टबरोबर जपून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर साधा व्हायरल म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात आफ्रिकेतून आल्याचं सांगा आणि त्याच दिवशी मलेरियाची तपासणी करून घ्या.